सोसवेल एवढा उजेड

माघ-फाल्गुनात आमच्या आखाड्यावर हळद वाळत पडते. शिजवलेली हळकुंडं ताडपत्रीवर पसरली की दहा-पंधरा दिवस ती सारखी वरखाली करावी लागतात, आणि हे काम भर उन्हाचंच. ऊन वरून येतं तसंच पिवळ्या पसाऱ्यावरून उलटून खालूनही येतं. वसमत तालुक्यातल्या बाया पदर पुढे ओढून हे करत आल्या. मी तीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तेव्हा डॉक्टरांनी आरसा धरून डावा डोळा दाखवला. नाकाच्या बाजूनं बुबुळावर मांस चढत होतं. नाखुना. “मावशी, हे उन्हानं आणि धुळीनं वाढतं. आता गॉगलशिवाय वावरात जायचं नाही.”

गॉगल होता माझ्याकडे, जत्रेतून आणलेला, चांगला काळाभोर. डॉक्टरांनी तो यंत्रावर धरला आणि बाजूला ठेवला. काच काळी असणं वेगळं आणि सूर्याचे न दिसणारे अतिनील किरण अडवणं वेगळं. त्या काचेत ते अडत नव्हते. उलट काळोखामुळे डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत शिरू शकतात. ज्याला मी आडोसा समजत होते तो दार उघडून देत होता. हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्याची काळजी होतीच. पण श्रद्धेच्या नावानंही मी असं काही डोळ्यांवर चढवलं असेल का, हा विचार सोडेना.

आमच्या भजनी मंडळातल्या एका वयोवृद्ध बुवांना कळलं की मी लेकीबरोबर नांदेडला चांगला गॉगल घ्यायला निघाले आहे. हळदीच्या अर्ध्या पोत्याचे पैसे त्यात जाणार होते. ते रागावले नाहीत, कळकळीनं म्हणाले, “बाई, माळ घातली आपण. देहाचे एवढे लाड कशाला?” प्रश्न खरा होता, म्हणून मी तो सोबत घेऊन गेले.

वाटेत मला सप्ताहातला विणेकरी आठवला. सात दिवस वीणा खाली टेकत नाही, पहाऱ्याला माणूस बदलतो. नवा माणूस उभा राहिला की आधी पट्टा नीट करतो. भार मानेवर आला तर घटकाभरात त्याचं चित्त नामावरून उठून मानेवर जाऊन बसतं. खांद्यावर आला की वीणा आहे हेही तो विसरतो. पट्टा सैल-घट्ट करण्याला आजवर कुणी लाड म्हटलेलं नाही. माझी जुनी जाड काचेची, लोखंडी काड्यांची चष्म्याची फ्रेम नाकावर दोन लाल खळ्या पाडायची. हरिपाठाला बसलं की निम्मं लक्ष त्या खळ्यांत. जे टोचतं ते देहाची आठवण करून देत राहतं. देह विसरायचा असेल तर आधी त्याला टोचणं थांबवलं पाहिजे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुकानात लेकीचं मन रे-बॅनवर होतं. हा गॉगल १९३७ साली बाजारात आला तो वैमानिकांच्या चष्म्यावरून, आणि नावातच किरणांना बंदी आहे, असं तिनं सांगितलं. मी दहा-बारा फ्रेमी लावून पाहिल्या. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, ५२, १८, १४०: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पण आकड्यांनी भागत नाही. मी हसून पाहिलं. गालानं फ्रेम वर उचलली तर ती बाद. पापण्या काचेला लागल्या तर बाद. मग दुकानातच खाली बसले, हळद पसरताना वाकते तशी वाकले, आणि जमिनीला डोकं टेकवलं. तीन गॉगल नमस्कारात घसरले. चौथा राहिला. ती फ्रेम अ‍ॅसिटेटची होती. हा पदार्थ कापसाच्या सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून करतात. आमच्याकडच्या कापसाचं असंही काही होतं हे मला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं काड्या गरम हवेवर धरून कानामागे माझ्या मापानं वळवल्या. बचत गटाच्या हळद पावडरीच्या काट्यावर घरी वजन केलं: सव्वीस ग्रॅम.

खरा खल झाला तो काचेच्या रंगावर. तपकिरी काच लावली आणि सगळं उठून दिसायला लागलं. लेक म्हणाली, हाच घे. माझ्या पिशवीत नमुन्याची हळकुंडं होती. दुकानाच्या दारात उभी राहून एक मोडलं. मोंढ्यात हळदीचा भाव हळकुंड मोडून आतल्या रंगावर ठरतो. त्या रंगावर माझं घर चाललं आहे. तपकिरी काचेतून ते मोडलेलं हळकुंड केशरी, गर्द, फार देखणं दिसलं. ते तसं नव्हतं. मग करडी काच लावली. हळकुंड जसं होतं तसंच राहिलं, फक्त झळाळी कमी झाली. दोन्ही काचा अतिनील किरण सारख्याच अडवत होत्या, उजेडही शंभरातला पंधरा-एक भागच आत सोडत होत्या. फरक इतकाच की एक काच उजेड कमी करून रंगही बदलत होती आणि दुसरी फक्त उजेड कमी करत होती. मी करडी घेतली.

प्रवचनकार सांगतात, स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. ती लाली स्फटिकाची नव्हे, ती उपाधी. मग पुढे सांगतात की सगुण मूर्तीही तशीच, कच्च्या साधकासाठी, एक दिवस बाजूला ठेवायची. हे मला कधी पटलं नाही आणि का पटत नाही ते सांगताही येत नव्हतं. दुकानाच्या दारातल्या त्या हळकुंडानं सांगितलं. ईशावास्यात ऋषी सूर्यालाच विनवतो की तुझे किरण आवर, म्हणजे मला तुझं रूप पाहता येईल. किरणांना बंदी तो मागत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्य डोळे मिळाले, विश्वरूप दिसलं, आणि तो थरथरत म्हणाला की पुन्हा सौम्य हो. कृष्णानं त्याला भित्रा म्हटलं नाही. तो सौम्य झाला. विटेवरचा विठोबा मला त्या सौम्य होण्यासारखा वाटतो. तो खोटा रंग देत नाही, सोसवेल एवढा उजेड देतो.

पण सगळ्यांचा देव करड्या काचेचा असतो असं नाही. आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात, आणि औंढ्याची कथा आमच्याकडे पोरालाही येते. नागनाथाच्या दारात कीर्तन करणाऱ्या नामदेवांना, जातीनं शिंपी म्हणून, देवळाच्या मागे जायला सांगितलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी देवळाच्या मागे आहे तो म्हणूनच, असं लोक सांगतात. ज्यांनी त्यांना उठवलं त्यांच्याही डोळ्यांवर देवच होता. पण त्या देवातून पाहिल्यावर समोरचा माणूस कमी दिसत होता. ती रंगीत काच. नामदेवांच्या डोळ्यांवरही विठ्ठल होता. त्यातून त्यांना घरातली जनी दिसली, आणि मंगळवेढ्याला गावकूस कोसळून गेलेल्या चोखोबांची हाडंही ओळखू आली, जी त्यांनी आणून पंढरीच्या महाद्वारासमोर ठेवली. मूर्ती ठेवावी की सोडावी हा वाद मला आता दुय्यम वाटतो. तिच्यातून शेजारचा माणूस आहे तसा दिसतो का, हे आधी पाहावं. बुवांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “आणि विसोबा?”

विसोबा खेचरांची कथाही औंढ्याचीच. पिंडीवर पाय ठेवून झोपलेले गुरू; नामदेवांनी पाय उचलून जिथे ठेवावे तिथे पिंड. कुठल्याच काचेची गरज नसलेलं ते पाहणं. मात्र त्यानंतरही नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. पंजाबात घुमानपर्यंत गेले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत, त्या पदांतही विठ्ठलाचं नाव आहे. बुवांना मी एवढंच म्हणू शकले. पुरेसं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

परतवारीची एकादशी नर्सीला करून दुसऱ्या दिवशी मी औंढ्याला गेले. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. सभामंडपात गॉगल काढून पदराला बांधला. औंढ्याचा गाभारा खाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, अंग चोरून जावं लागतं. उन्हातून आलेल्या डोळ्यांना तिथे काहीच दिसेना. ऑपरेशन झालेला डोळा आणि नाखुना असलेला डोळा, दोन्ही सारखेच. समई होती, पण तिचाही नुसता ठिपका. मागून कुणीतरी म्हणालं, “मावशी, पुढं सरका.” मी गुडघ्यांवर बसून हात पुढे केला. बोटांना आधी पाणी लागलं, मग बेलाची पानं, मग गार दगड. हात तिथेच राहिला. डोळे सरावून पिंड दिसू लागली तेव्हा मी पुष्कळ वेळ तिला धरून बसले होते.

वर आले. नंदीच्या बाजूला ऊन होतं. पदराची गाठ सोडून गॉगल लावला आणि नंदीला प्रदक्षिणा घालायला निघाले.