उरलेला उजेड

जे. आर. आर. टॉल्किनच्या मध्यभूमीत सूर्य फार उशिरा उगवतो. तोवर पुष्कळ काही घडून गेलेले असते. डोंगर उभे राहून कोसळलेले असतात, तारे लागलेले असतात, एल्फ जागे होऊन, भाषा आणि गाणी रचून समुद्रापार गेलेले असतात. पहिला राजा मारला गेलेला असतो, पहिली मोठी चोरीही झालेली असते. आणि मग एके दिवशी पश्चिमेकडून, होय, पश्चिमेकडूनच, एक धगधगता गोळा वर चढतो. हा सूर्य जगाचा आरंभ करत नाही. भरून न येणाऱ्या नुकसानीनंतर देवांनी केलेली ती तजवीज आहे.

आपल्याकडे, इजिप्तमध्ये, पेरूच्या इंका लोकांत सूर्य हा मूळ दाता आहे. सगळे त्याच्यापासून निघते. टॉल्किनने त्याला मूळपदावरून खाली आणले. एक धागा बायबलमध्ये सापडतो: उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता, त्यामुळे प्रकाश आधी आणि सूर्य नंतर हा क्रम त्याला परका नव्हता. पण या दोहोंच्या मधल्या जागेत त्याने एक दुःख भरले, ते मात्र सर्वस्वी त्याचे. चाळीसहून अधिक वर्षे तो या सूर्याची कथा पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. तपशील बदलले, पात्रांची नावे बदलली, शेवटी तर खगोलशास्त्रही बदलले. दुःख तेवढे हलले नाही.

ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सांगाडा आधी मांडतो. जग नवे असताना देवांनी, म्हणजे वालारांनी, दोन प्रचंड दिवे उभारले, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. मेल्कोर या बंडखोराने ते पाडले. मग वालार पश्चिमेच्या टोकाला, वालिनोरमध्ये जाऊन राहिले आणि तिथे यावान्नाच्या गाण्यातून दोन झाडे उगवली: रुपेरी उजेडाचे टेल्पेरिऑन आणि सोनेरी उजेडाचे लॉरेलिन. प्रत्येक झाड सात तास फुलत असे. एकाचा उजेड ओसरू लागे तेव्हा दुसऱ्याचा चढू लागे, आणि बारा तासांच्या त्या दिवसात दोनदा सोने आणि रुपे एकमेकांत मिसळत. फेआनोर नावाच्या एल्फ कारागिराने हा मिसळलेला उजेड तीन रत्नांत साठवला, तीच सिल्मरिल. पुढे मेल्कोरने उन्गोलियांत या कोळिणीसारख्या राक्षसीला आणून झाडांना जखमा केल्या आणि तिने त्यांचा जीवनरस शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. निएन्नाच्या आसवांनी आणि यावान्नाच्या गाण्याने मेलेल्या लाकडाला अखेरचा एक कोंब फुटला. टेल्पेरिऑनला एकच रुपेरी फूल आले, तो चंद्र. लॉरेलिनला एकच सोनेरी फळ आले, तो सूर्य.

म्हणजे आपल्या डोक्यावरचे हे ऊन मेलेल्या झाडाच्या शेवटच्या फळाचे आहे. झाडांचा उजेड जिवंत होता, त्याचे थेंब जमिनीवर ठिबकत, तो भांड्यांत भरून ठेवता येई. सूर्याचा उजेड त्याच जातीचा, पण दर्जाने उतरलेला.

या कल्पनेचे पहिले रूप पहिल्या महायुद्धाच्या काळातले. टॉल्किन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खंदकज्वराने आजारी पडून इंग्लंडला परतला. या आजारपणात त्याने ‘द बुक ऑफ लॉस्ट टेल्स’ लिहायला घेतले. त्यातली सूर्यचंद्राची कथा लांबलचक, गजबजलेली आणि थोडी बालसुलभ आहे. देव आपसात भांडतात, खटपट करतात, चुकतात. सोनेरी फळ वाहून नेताना खाली पडते आणि फुटते, आणि त्या फुटण्यातूनच त्याचे जहाज करण्याची युक्ती सुचते. रुपेरी फूल फांदीसकट गळून पडते आणि त्याच्या पाकळ्या चुरगळतात, म्हणून चंद्रावर डाग. सूर्याचे जहाज हाकते उर्वेन्दी नावाची कुमारिका. पुढे काळाचे तीन म्हातारे येतात आणि दिवस, महिना व वर्ष असे तीन अदृश्य दोर वळून सूर्यचंद्राला बांधून टाकतात. मला हे म्हातारे अतिशय आवडतात, आणि नंतरच्या लेखनातून ते नाहीसे झाले याची हळहळ वाटते. कारण त्यांच्या येण्याने एक कठोर गोष्ट उघड होते: दोर एकदा बांधले गेल्यावर देवसुद्धा काळाच्या बाहेर राहत नाहीत. झाडांच्या उजेडात मोजणी होती, पण झीज नव्हती. सूर्य आला आणि झीज आली.

हा विचार १९२० आणि १९३० च्या दशकांत लिहिल्या गेलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांत मुरत गेला. गजबज कमी झाली, वाक्ये गंभीर झाली. ‘द सिल्मरिलिऑन’ म्हणून आज आपण वाचतो त्यात सूर्य चालवणारी आहे आरिएन, एक अग्निरूपी आत्मा. तिच्याच जातीच्या अनेकांना मेल्कोरने फितवले होते. ती फितली नव्हती. पूर्वी ती लॉरेलिनच्या दवाने सोनेरी फुलांना पाणी घालायची. आता शरीर टाकून ती नुसती ज्वाळा झाली. चंद्र चालवणारा टिलिऑन हा शिकारी. तो तिच्याकडे ओढला जातो, जवळ जाऊन होरपळतो, आणि त्याची वाट नेहमीच वेडीवाकडी राहते. सूर्य स्त्री आणि चंद्र पुरुष ही मांडणी जुन्या नॉर्स कथांतही आहे, आणि ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक असलेल्या टॉल्किनला ती घरची होती. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये तर त्याने तळटीपच दिली आहे की एल्फ आणि हॉबिट सूर्याला नेहमी स्त्रीलिंगीच संबोधतात.

या आवृत्तीत दोन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली, रात्र. वार्दा या वालाराची मूळ योजना अशी की सूर्य आणि चंद्र आळीपाळीने फिरत राहावेत, म्हणजे उजेड कधी तुटायचा नाही. पण लोरिएन आणि एस्ते, म्हणजे स्वप्नांचा आणि विश्रांतीचा कैवार घेणारे वालार, तक्रार घेऊन आले: झोप पृथ्वीवरून हद्दपार झाली, तारे दिसेनासे झाले. मग वार्दाने बेत बदलला आणि सूर्याला विसावा दिला. मेल्कोरने अंधाराचे शस्त्र केलेल्या जगात देवांनी विचारपूर्वक अंधाराचा एक वाटा परत मागून घेतला, हे मला फार मोठे वाटते. उजेड म्हणजे चांगले आणि अंधार म्हणजे वाईट अशी ढोबळ विभागणी टॉल्किनच्या माथी मारणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा.

दुसरी गोष्ट, माणसे. सूर्य पहिल्यांदा उगवला त्याच वेळी पूर्वेकडे हिल्दोरिएनमध्ये पहिल्या माणसांनी डोळे उघडले. तो पश्चिमेकडून येत होता, म्हणून त्यांची पावलेही पुढे पश्चिमेकडे वळली. एल्फ ताऱ्यांखाली जागे झाले आणि ताऱ्यांवरच त्यांचे प्रेम राहिले. सूर्य माणसांच्या वाट्याचा. पण त्याच्याबरोबर सगळ्या गोष्टींची वाढ आणि म्हातारपण वेगाने होऊ लागले, आणि एल्फांच्या ओसरण्याला सुरुवात झाली. पिकाला पिकवणारे ऊनच पुढे त्याला वाळवते. माणसाला सूर्य मिळाला तो मरणासह, आणि टॉल्किनच्या कथाविश्वात मरण ही ईश्वराने माणसाला दिलेली देणगी आहे, शिक्षा नव्हे. असा सूर्य नुसता मांगल्याचे प्रतीक होऊच शकत नाही.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ही पार्श्वभूमी क्वचितच सांगितली जाते, पण ती सगळीकडे जाणवते. गोंडोरच्या राजवाड्यासमोर पांढरे झाड आहे, ते टेल्पेरिऑनच्या प्रतिमेवरून आलेल्या झाडाच्या वंशातले. सोनेरी लॉरेलिनसारखे मात्र मध्यभूमीत काहीही उरले नाही, असे परिशिष्टात नोंदले आहे. त्याचे उरले ते फळ तेवढे, आणि ते आकाशात. या कादंबरीतला खलनायक सॉरॉन आपल्या मॉर्डोर प्रदेशातून काळोखी सोडून दिवसच उगवू देत नाही तेव्हा तो या शेवटच्या फळावर हात टाकत असतो. त्या दिवशी संध्याकाळी चौरस्त्यावर मावळतीची एक तिरीप ढगांखालून निसटते आणि राजाच्या पुतळ्याच्या तोडून टाकलेल्या शिरावर पडते. त्या शिराभोवती रानवेलींनी फुलांचा मुकुट गुंफलेला असतो. फ्रोडो आणि सॅम हे हॉबिट तो पाहतात, आणि लगेच ऊन जाते.

मग अडचण आली, आणि ती बाहेरून नव्हे, टॉल्किनच्या स्वतःच्या एका आग्रहातून आली. मध्यभूमी हा दुसरा ग्रह नव्हे, असे तो पत्रांतून सांगत असे. काळ कल्पित, पृथ्वी हीच. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डमध्ये चपट्या जगाभोवती एक लहानसा सूर्य फिरतो आणि कुणालाही काही वाटत नाही, कारण ते जग आपले नाहीच. टॉल्किनला ती मोकळीक नव्हती. जग हेच असेल तर सूर्यही हाच, आणि हा सूर्य पृथ्वीच्या मागाहून झाडावर लागलेला नाही हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. १९४० च्या दशकातच त्याने सृष्टिकथेची गोल पृथ्वीची आवृत्ती लिहून पाहिली होती, जिच्यात सूर्य पहिल्यापासून आहे. १९४८ मध्ये त्याने सपाट आणि गोल अशा दोन्ही आवृत्त्या कॅथरिन फॅरर या लेखिकेला वाचायला दिल्या. तिला सपाट पृथ्वीची आवडली. त्याने काही काळ तीच ठेवली, पण प्रश्न बुजला नाही.

अशा कोंडीची आपल्याकडची एक आठवण मला इथे येते. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास ग्रहणे छायेमुळे होतात हे गणितासह मांडले. ब्रह्मगुप्ताला ६२८ मध्ये तेच गणित मान्य होते, तरी राहू सोडवेना. म्हणून ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेतच शिरतो अशी सोय त्याने काढली. अल-बिरुनीने पुढे यावर टीका केली. मला मात्र त्यात भित्रेपणापेक्षा ममता अधिक दिसते. ज्या कथेत पिढ्यान्‌पिढ्या लोक जगले, ती गणिताच्या एका ओळीने पुसून टाकणे कुणालाही जड जाते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस, साठीच्या उत्तरार्धातल्या टॉल्किनने ही कोंडी फोडायला घेतली. त्याची टिपणे त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याने ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या खंडात १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचताना दिसतो तो निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा लेखक, आपल्याच घराचा पाया उकरणारा. सूर्य पृथ्वीइतकाच जुना धरला, तर एल्फ ताऱ्यांखाली जागे कसे झाले? मेल्कोरने धुराढगांचे दाट छत घातले होते, असे उत्तर. वालिनोरमध्ये सूर्य असताना झाडांच्या उजेडाला एवढे मोल कसे? वार्दाने वर घुमट बांधून त्यात खोटे तारे बसवले होते, असे उत्तर. आणि जुनी कथा कुणाची? ती एल्फांची नव्हेच; एल्फांना खरे ज्ञान होते, ही माणसांनी पुढे मिसळलेली परंपरा. एकेक उत्तर हुशारीचे आहे आणि एकेक उत्तराने काहीतरी निर्जीव होत जाते. तो घुमट तर मला अजिबात सोसत नाही.

पण या टिपणांत एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी त्यांना म्हाताऱ्या लेखकाचा हट्ट म्हणायला तयार नाही. सूर्य मूळचाच ठरला, तर त्याचे उणेपण कुठून येणार? टॉल्किनला ते हवेच होते. म्हणून त्याने सूर्यालाच जखम केली. नव्या कथेत सूर्याच्या आत्म्याला, म्हणजे आरिएनला, वार्दाने ईश्वराचा पवित्र प्रकाश दिलेला आहे. मेल्कोर तिला बळजबरीने आपलीशी करू पाहतो, तो जळून काळा पडतो, आणि ती सूर्य सोडून निघून जाते. राहतो तो नुसता तापणारा, आत्मा गेलेला सूर्य. झाडांना आधीच तो पहिला, निर्मळ उजेड लाभलेला असतो, म्हणून ती मौल्यवान, आणि म्हणून सिल्मरिलही. सगळे उलटे झाले: आता झाड सूर्याचे ऋणी आहे. तरी आपल्याला मिळणारे ऊन पुन्हा उरलेलेच, आधीच्या कशाच्या तरी खालचे. पृथ्वीचा आकार सोडून द्यायला तो तयार होता, एल्फांचा अधिकार सोडून द्यायलाही. हे सोडून द्यायला नाही.

नवी कथा पूर्ण झाली नाही. टॉल्किन १९७३ मध्ये गेला. १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलिऑन’ सिद्ध करताना ख्रिस्तोफरने फळाचीच कथा ठेवली, आणि माझ्या मते त्याने योग्य केले. बाजूच्या टिपणांत विचार होता, पण सांगता येईल अशी कथा अजून नव्हती. आज वाचकाच्या हाती दोन्ही आहेत, आणि दोन्ही एकत्र ताडून पाहायचे तर शेलोबच्या गुहेपेक्षा चांगली जागा नाही. शेलोब ही उन्गोलियांतचीच संतती. तिच्यासमोर फ्रोडो आणि सॅम जी कुपी धरतात तिच्यात एआरेन्दिलच्या ताऱ्याचा उजेड आहे, म्हणजे एका सिल्मरिलचा, म्हणजे झाडांचा. जुन्या कथेप्रमाणे तो सूर्याच्या आधीचा उजेड आहे; नव्या टिपणांप्रमाणे तो बिघडण्याआधीच्या सूर्याचा. त्या प्रसंगातले एक अक्षरही बदलावे लागत नाही. बाहेर सॉरॉनच्या काळोखीने रोजचे ऊन झाकलेले आहे, आणि आत, ज्या राक्षसीच्या आईने झाडे पिऊन टाकली तिच्यापुढे, तिला न पिता आलेला तेवढा घोट एका हॉबिटच्या मुठीत आहे.