दावणीचे ऋण

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी मराठवाड्यात बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, त्याला हळद व लोणी लावून हलक्या हाताने चोळायचे, अशी ही रीत. काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील देवणी परिसरात एका परिचित शेतकऱ्याच्या अंगणात आम्ही ती पाहत उभे होतो. दावणीला दोन बैल होते. त्यांतील एक म्हातारा, औताला केव्हाच निकामी झालेला. धन्याने त्याचाही खांदा चोळला आणि हात पुसता पुसता आम्हाला विचारले, "फादर, ह्याला बांधून उपाशी ठेवावं, का मोकळं सोडून द्यावं? ह्यातलं कमी पाप कोणतं, तेवढं सांगा."

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च आणि डोक्यावरचे कर्ज आम्हाला ठाऊक होते.

देवणीचे नाव तेथील गोवंशामुळे दूरवर पोहोचले आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मिरवणारा शेवरा, काळसर तोंडाचा वानेरा आणि बहुतांशी पांढरा बालंक्या हे त्याचे तीन प्रकार. गाय दुधाला चांगली आणि बैल काळ्या रानात ओढकामाला दमदार, अशी ही दुहेरी उपयोगाची जात शेतकऱ्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या निगराणीतून घडली. वासराला जन्मल्यावर लवकरात लवकर चीक पाजणे, धार काढताना त्याच्या वाट्याचे दूध राखणे, पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्याची लस टोचून घेणे, उन्हाळ्यासाठी कडब्याची गंजी रचून ठेवणे, ही त्या निगराणीची अंगे. कालवड झाली तर दुधाची आशा, गोऱ्हा झाला तर औताची. घरात दोघांचेही स्वागत होई.

पुढे शिवारात ट्रॅक्टर आले. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि तिच्याबरोबर कडबाही दुर्मीळ व महाग झाला. आता गोऱ्हा जन्मला की घरधनी चिंतेत पडतो. वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. गोऱ्हा पूर्वी होता तसाच आहे. त्याची भूक तीच, त्याचे हंबरणेही तेच. बदलला आहे तो केवळ आपला हिशेब. मग त्या जिवाचे मोल आपल्या हिशेबावरच अवलंबून होते काय?

पवित्र शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, असे अनुवादाचे पुस्तक बजावते. शब्बाथाची विश्रांती धन्याबरोबर त्याच्या बैलालाही आहे. परमेश्वराने निर्माण केलेल्या जिवाचा आपल्यावर काही हक्क आहे आणि तो त्याच्या कामाच्या मोबदल्यापुरता नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात हाच विचार आग्रहाने मांडला.

परंतु याच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९२ साली प्रसृत झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ मुक्या जनावरांना विनाकारण यातना देणे निषिद्ध मानतो; आणि माणसाचे दैन्य दूर करण्यासाठी लागणारा पैसा आधी जनावरांवर खर्च करणेही अनुचित ठरवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा दिवसांत मुलाच्या ताटातले काढून गव्हाणीत घाला, असे कोणत्या तोंडाने सांगावे? महाराष्ट्रात २०१५ पासून गाईंप्रमाणेच बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. कायदा सुरी अडवू शकतो. परंतु त्याने गव्हाण भरत नाही. तो भार ज्याच्या खुंट्याला जनावर बांधले आहे, त्याच्यावरच येतो.

या पेचातून वाट दाखवते ते निर्गमच्या पुस्तकातील एक लहानसे कलम. शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले, तरी वाटसरूने निघून न जाता त्याला उठवण्यास हातभार लावावा, असे तेथे सांगितले आहे. ते कर्तव्य केवळ धन्याचे नाही. वाटेने जाणाऱ्याचेही आहे. त्या दिवशी शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न खरे म्हणजे आम्हा सर्वांना होता. जी गाय दूध देते, तिचे दूध आपण शहरात, गावात रोज पितो. तिच्या भाकड दिवसांचा आणि तिच्या गोऱ्ह्याचा भार मात्र एकट्या शेतकऱ्याने वाहावा, हा न्याय नव्हे.

म्हणून वेळेवर पाणी, सावली, लस आणि दुखऱ्या खुरावर औषध, एवढे धन्याने चुकवू नये. यास पैशापेक्षा लक्ष अधिक लागते. चाऱ्याचा प्रश्न मात्र धर्मग्रामाने, गावाने आणि शासनाने आपला मानावा. ज्याच्याकडे कडब्याच्या चार पेंढ्या अधिक आहेत, त्याने त्या मागण्याआधी द्याव्यात. दुधाला रास्त भाव देताना आपण कुरकुर करू नये.

त्या सायंकाळी आम्ही एवढेच म्हणालो, "दोन्ही नको. उन्हाळ्यापुरता कडबा आपण मिळून पाहू." पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही ही गोष्ट लोकांपुढे मांडली. तीन घरांनी पेंढ्या दिल्या. तो उन्हाळा निभावला. पुढचाही निभावावा लागेल, हे आम्ही जाणतो.