इज्रेल नगरातील वडील

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१६



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट संडे स्कूलमध्ये शिकविताना आपण अहाब, ईजबेल व एलीया ह्या तिघांवरच थांबतो. नगरातील वडील व सरदार ह्यांचे नाव सहसा निघत नाही. वास्तविक नाबोथाचा घात त्यांच्या सभेत झाला.

अहाबाचे मागणे वरवर वाजवी होते. भाजीपाल्याच्या बागेसाठी त्याला ती जागा हवी होती. बदल्यात अधिक चांगला मळा, नाहीतर रोख पैसा. आज आपण ह्याला मोबदला म्हणतो. पण वाडवडिलांचे वतन विकावयाचे नसते, भूमी परमेश्वराची आहे (लेवीय २५:२३), हे नाबोथाला ठाऊक होते. पुढचे सारे रीतसर झाले. राजाच्या मोहोरेची पत्रे आली, उपास जाहीर झाला, सभा भरली, दोन साक्षीदारही मिळाले. वडिलांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही.

आपला बालाघाट जिल्हा जंगलाचा, तसाच खनिजांचा. शहराजवळ भरवेलीची मँगनीजची खाण आहे. तिकडे मलाजखंडला १९८२ पासून तांब्याची. खाणींवर कित्येकांच्या चुली पेटतात, आणि खाण म्हणजे पाप असे आम्ही म्हणत नाही. परंतु जमीन एकदा खोदली म्हणजे तिच्यावरचे रान आणि तिच्या पोटातले पाणी पूर्ववत होत नाही. म्हणून विचारणे आधी व्हावे लागते.

विचारण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीपूर्वी सामान्यतः जनसुनावणी होते. निदान ३० दिवस आधी नोटीस निघते, कलेक्टर कचेरीत व जिल्हा पंचायतीत कागद पाहावयास मिळतात, आणि शेवटी सभेचा वृत्तांत लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. मात्र गणपूर्तीची अट नाही. चारच माणसे आली तरी सुनावणी झालीच! बैहर तहसील अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे १९९६ चा कायदा सांगतो. मध्य प्रदेशात त्याचे नियम व्हावयास २०२२ साल उजाडले.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावयाची होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील १२ ग्रामसभांना विचारण्यात आले. बाराही गावे नाही म्हणाली. खाण झाली नाही.

आपल्या मंडळीत शिकलेले लोक पुष्कळ आहेत. नोटीस वर्तमानपत्रात येते; ज्या गोंड व बैगा बांधवांच्या रानाविषयी ती असते त्यांच्या घरी वर्तमानपत्र येतेच असे नाही. ती त्यांना वाचून दाखविण्यास आपल्यापैकी कोणी तरी जावे. त्यांच्या वतीने बोलावयास नव्हे; बोलणे त्यांना येते. सुनावणीच्या दिवशी मात्र सोबत बसावे.

आणि शिक्षकांनी येत्या रविवारी मुलांकडून वचने ८ ते १४ वाचून घ्यावीत, आणि त्या सभेत कोणकोण हजर होते ह्याची यादी त्यांना फळ्यावर करू द्यावी.