अनामिक दुभाष्या

कुरुंदवाडला पालकांना मराठी परिपत्रक उर्दूत समजावताना मला सर्व्हांतिसचा दुभाष्या आठवतो. त्याच्या 'डॉन क्विक्झोट' (१६०५) कादंबरीतल्या निवेदकाला तोलेदोच्या बाजारात अरबी वह्या सापडतात. लेखक म्हणे कुणी सिदी हामेत! मनुका आणि गहू एवढ्या मजुरीवर एक मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशातला, दीड महिन्यात त्या स्पॅनिशमध्ये उतरवतो. अरब खोटारडे, असेही निवेदक ऐकवतो. कथा मात्र त्यांच्याच शब्दावर उभी.

१६०९ ते १६१४ मध्ये स्पेनने मोरिस्कोंना हद्दपार केले. ज्याच्या जिभेवर विसंबायचे, त्याला शेजारी राहू द्यायचे नाही, हा कुठला इन्साफ? सर्व्हांतिसने स्वतः अल्जिअर्समध्ये पाच वर्षे कैद भोगली होती. तरी दुसऱ्या भागात (१६१५) चोरून परतलेला मोरिस्को रिकोते जुन्या शेजाऱ्याला, साँचोला, मिठी मारतो. दुभाष्याला मात्र त्याने नाव दिले नाही.