चाळीस वह्या, आई एक

आम्हां मास्तरांनी 'माझी आई' फळ्यावर लिहून दिली, की साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या साऱ्या आया पहाटे उठतात, सुगरण होतात आणि कध्धी रागावत नाहीत. एखाद्याची आई उसाच्या फडात राबते, चिडली की पाठीत धपाटा घालते. पण ते लिहिलं, तर मार्क कापतात! मग सांगा, आपण लिहायला शिकवतो की शुद्धलेखनासकट खोटं बोलायला?

सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात शिकवू लागल्या. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदया'नं तो छापला. असलं दुःख फळ्यावरून उतरवून घेता येत नाही.

तेव्हा गुरुजी, वेलांट्या खुशाल तपासा. आई मात्र ज्याची त्याला लिहू द्या!