आखूड तंतूचा न्याय

‘टाकाऊ’ हे विशेषण आपण वस्तूला लावतो, पुष्कळदा माणसालाही लावतो. पण ते नेमके कशाचे वर्णन करते, याचा विचार क्वचितच करतो. टाकाऊपणा हा त्या वस्तूचा गुण आहे, की ज्या व्यवस्थेत आपण ती बसवू पाहतो त्या व्यवस्थेची मर्यादा? हा प्रश्न मला कापसाने शिकवला. सौंसर-पांढुर्ण्याच्या या पट्ट्यात कापूस पिकतो आणि लोधीखेडा-सौंसरच्या कोष्टी घरांतून हातमाग चालत आले. आखूड धाग्याचा कापूस म्हणजे कमी भाव, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

आखूड तंतू नकोसा का, याचे उत्तर सूतकताईच्या जुन्या रीतीत आहे. टकळी असो, चरखा असो की गिरणीतली रिंग फ्रेम, तत्त्व एकच : तंतूंचा पेळू हळूहळू ओढून बारीक करायचा, पण तो तुटू द्यायचा नाही, मग त्याला पीळ द्यायचा. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिने हिंदुस्थानात रिंग चातीचा प्रयोग अगदी आरंभी केला. या पद्धतीत ओढणाऱ्या रुळांच्या दोन जोड्यांमध्ये लांब तंतू एका टोकाला तरी धरलेला राहतो. आखूड तंतू मात्र मधल्या अंतरात निराधार तरंगतो आणि सूत कोठे जाड, कोठे बारीक होते. म्हणून उंची सुतासाठी तो विंचरून बाजूला काढतात. त्याचा गुन्हा एवढाच, की दोन रुळांमधले अंतर त्याच्या लांबीहून अधिक आहे!

विसाव्या शतकात या रीतीचा मूळ नियमच उलटा करून पाहण्यात आला. चेकोस्लोव्हाकियात तयार झालेले ‘बीडी २००’ हे यंत्र १९६७ पासून गिरण्यांत येऊ लागले. या पद्धतीला ओपन-एन्ड किंवा रोटर कताई म्हणतात. पेळू तुटू नये म्हणून जपण्याऐवजी येथे तो मुद्दाम सोडवतात. बारीक दात्यांचा एक रूळ तंतू एकेक सुटा करतो आणि वाऱ्याचा झोत त्यांना नळीतून एका लहानशा, गरगर फिरणाऱ्या वाटीत नेतो. फिरण्याच्या जोराने तंतू वाटीच्या कडेच्या खाचेत थरावर थर बसतात. आधी कातलेल्या सुताचे एक टोक आत सोडले, की हे तंतू त्याला जोडले जातात, पीळ बसतो आणि सूत बाहेर येते. पिळासाठी जड बॉबिन फिरवावी लागत नाही. फिरते ती फक्त वाटी. त्या पहिल्या यंत्रात ती मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेई. आजच्या यंत्रांत हा वेग लाखाच्या पुढे गेला आहे.

रुळांच्या अंतराचा जाच येथे नसल्याने आखूड तंतूही सुतात सामावतो. विंचरून काढलेला कापूस, गिरणीतला उरलासुरला माल, जुन्या कपड्यांपासून पुन्हा मोकळे केलेले तंतू, या सर्वांना येथे जागा मिळते. मात्र हे सूत रिंगच्या सुतापेक्षा कमी मजबूत असते आणि फार तलम काढता येत नाही. त्याची सतरंजी होते, टॉवेल होतो, जीन्सचे जाड कापड होते. तलम लुगडे होत नाही. म्हणजे यंत्राने आखूड तंतूला लांब म्हटले नाही, त्याची खोटी स्तुती केली नाही. त्याच्या लांबीला साजेल असे काम तेवढे शोधले. न्याय म्हणजे सर्वांना समान ठरवणे नव्हे. पट्टी कोणी आणि कशासाठी आखली, हे आधी विचारणे होय.

हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, असा संशय येतो. शासकीय सेवेत असताना विणकरांच्या एका योजनेचे अर्ज माझ्यापुढे येत. त्यांत एका विधवेचा अर्ज होता. तिचे सारे आयुष्य कांड्या भरण्यात गेले होते. परंतु माग तिच्या नावावर नव्हता, आणि नियमात ‘विणकर’ म्हणजे मागाचा मालक. मी ‘अपात्र’ असा शेरा मारला. तो नियमानुसार होता. ती काही न बोलता कागद घेऊन गेली. नियम बदलणे माझ्या हाती नव्हते, हे खरे. पण या व्याख्येत कांडी भरणारी बसत नाही, एवढी टीप वर पाठवणे तर माझ्या हाती होते. ती मी पाठवली नाही.

निकषांवाचून सार्वजनिक पैसा वाटता येत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो योग्यच आहे. रोटरलाही काडीकचरा चालत नाही, खाचेत धूळ साचली की सूत तुटते. निकष हवेतच. प्रश्न आहे तो मोजमाप कोणाचे करायचे याचा. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा, की तो खेड्यातल्या झोपडीत चालावा, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, आणि बाईमाणसाला फार श्रम न होता आठ तास चालवता यावा. तेथे माणसाच्या मापाने यंत्र मोजले जात होते. यंत्राच्या मापाने माणूस नव्हे.

रोटरने आखूड तंतूला जागा दिली, पण पेळूपासून सुतापर्यंतच्या मधल्या पायऱ्या वगळून त्यांवरच्या माणसांची जागा घेतली. यंत्राला याचा दोष देता येत नाही. त्याला कर्तव्य नसते. कर्तव्य असते ते व्यवस्था आखणाऱ्याला, आणि तिच्या नावाने सही करणाऱ्यालाही. कोणालाही ‘अपात्र’ लिहिताना, कमी पडतो आहे तो तंतू की आपल्या रुळांतले अंतर जास्त आहे, एवढे एकदा मोजून पाहावे. मी ते मोजले नाही, आणि सेवानिवृत्तीनंतरही तो एक कागद माझ्या मनातून निकालात निघालेला नाही.