लक्ष्याच्या जागी कोण?

नट गेला तर भूमिकेचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर मराठी रंगभूमीकडे केव्हापासून आहे. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी 'नटसम्राट'मधला बेलवलकर उभा केला. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही तो केला. लोक तुलना करायचे, हिरिरीने वाद घालायचे, पण पुढच्या प्रयोगाचं तिकीटही काढायचे. नाटकातली भूमिका संहितेत असते आणि रोज रात्री नव्याने जन्माला येते. सिनेमात एकदा दिसलेला चेहरा कायमचा ठरून जातो. म्हणून सिनेमाच्या दुसऱ्या भागासाठी नट निवडणं हे सबंध कथेचं भवितव्य ठरवणारं काम असतं. सुपरहिरोंच्या चित्रपटमालिकांना हे आता उमगतं आहे. आपल्याकडे त्याचा सगळ्यात बोलका दाखला 'झपाटलेला २' हा आहे.

'झपाटलेला' सुपरहिरोपट नाही, हे खरं. पण महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे आपला लक्ष्या, या जोडीने मराठीत अद्भुताची जी परंपरा रुजवली, तिच्यातलाच तो आहे. 'दे दणादण'मध्ये (१९८७) लक्ष्याने साकारलेल्या साध्या हवालदाराला मारुतीच्या कृपेने अचाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती ओसरते. हा अस्सल मराठी सुपरहिरोच होता. १९९३ च्या 'झपाटलेला'त शक्ती खलनायकाकडे गेली. रामदास पाध्यांनी घडवलेल्या बाहुल्यात तात्या विंचूचा आत्मा शिरला, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज मिळाला, आणि लक्ष्याकडे उरली ती फक्त भीती.

त्या भीतीतच चित्रपटाचा प्राण होता. हा लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला. त्यामुळे बाहुला खरोखर बोलतो असं तो जीव तोडून सांगत सुटला, तरी त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याचे डोळे विस्फारतात, शब्द घशात अडकतात, हातपाय भलतीकडेच धावतात. आपण पोट धरून हसतो आणि त्याच क्षणी त्याच्यासाठी घाबरतोही. ज्याच्या जिवावर बेतलं आहे तोच आपल्याला हसवतो आहे. भय आणि हास्य एकाच देहात नांदवणारा असा दुसरा नट त्या काळात नव्हता.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले, अवघ्या पन्नाशीत. २०१३ मध्ये कोठाऱ्यांनी दुसरा भाग आणला तेव्हा बाहुला होता तसाच परत येऊ शकत होता. लाकूड-रबराला वय नसतं. प्रभावळकर होते, इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणून स्वतः कोठारे होते. नव्हता तो फक्त लक्ष्या. दुसऱ्या कुणाला लक्ष्या म्हणून उभं न करण्याचा निर्णय कोठाऱ्यांनी घेतला, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तात्या विंचूला आता लक्ष्याच्या रक्ताचा वारस हवा, म्हणून मुलगा आणला आणि ती भूमिका आदिनाथ कोठारेला दिली. हा धागा पक्का होता. त्याच वर्षी आलेल्या 'क्रिश ३'मध्ये बाप आणि मुलगा दोघेही हृतिक रोशनच होता. ती सोय इथे नव्हती. लक्ष्मीकांतचा मुलगा अभिनय पडद्यावर आला तोही पुढे, २०१७ मध्ये.

माझी तक्रार त्यानंतरच्या निवडीबद्दल आहे. नायकपण, प्रेम आणि संकट आदिनाथकडे गेलं; हसवण्याची जबाबदारी मकरंद अनासपुरेंवर पडली. दोघेही गुणी नट. पण एका लक्ष्याची अशी वाटणी झाली आणि ज्याला धोका आहे तो हसवत नाही, जो हसवतो त्याला धोका नाही, अशी स्थिती झाली. त्यात सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांची उपकथानकं आली, थ्रीडीची करामत आली. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी ठीक, पण मधली रिकामी जागा कुणीच भरली नाही. गेल्या गणेशोत्सवात वारज्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून दोन्ही भाग ओळीने दाखवले. समोर सतरंजीवर बसलेली सगळी मुलं लक्ष्या गेल्यानंतर जन्मलेली. पहिल्या भागाला ती खिदळत होती. दुसरा भाग सुरू झाल्यावर थोड्या वेळाने एका मुलीने आजीला विचारलं, "लक्ष्या कधी येणार?" आजी म्हणाली, "तो नाही आता." मुलीला कळलं, पण हे पडद्यावरून कळायला हवं होतं.

हॉलिवूडवर असाच प्रसंग आला. २८ ऑगस्ट २०२० रोजी 'ब्लॅक पँथर'मध्ये वकांडाचा राजा साकारणारा चॅडविक बोसमन कर्करोगाने गेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. राजाच्या भूमिकेत दुसरा नट घ्या, अशी मागणी अनेक चाहत्यांनी केली. दिग्दर्शक रायन कूगलरने ती मानली नाही. २०२२ चा 'ब्लॅक पँथर : वकांडा फॉरेव्हर' राजाच्या मृत्यूनेच सुरू होतो. बहीण शुरी प्रयोगशाळेत धडपडते आहे, आणि आई येऊन सांगते की भाऊ गेला. पुढचं बरंचसं या घावातून उगवतं. मुलगा गमावलेली राणी रामोंडा मुलगी डोळ्यांआड होताच सेनापती ओकोयेचं पद काढून घेते. अँजेला बॅसेटचा तो संताप पाहताना ओकोयेचं उपकथानक वेगळं जोडल्यासारखं वाटत नाही, कारण त्याची मुळं त्याच दुःखात आहेत. नाकिया हैतीत वाढवत असलेला राजाचा मुलगा शेवटी समोर येतो, तेव्हा वारसाची कल्पनाही सार्थ होते.

मात्र हा चित्रपटही सगळीकडे प्रामाणिक नाही. १६१ मिनिटांत सीआयएच्या रॉसचं आणि त्याच्या घटस्फोटित बायकोचं प्रकरण कशासाठी आहे, याचं उत्तर कथेत सापडत नाही. रीरी विल्यम्सचं पात्र चुणचुणीत आहे, पण तिच्या वाट्याचा बराच भाग पुढच्या 'आयर्नहार्ट' मालिकेची पायाभरणी करण्यात जातो. काढून टाकलं तरी मूळ कथेला ओरखडा उठत नाही, ते उपकथानक लेखकाने निर्दयपणे काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठी चित्रपटमालिका चालवणाऱ्या निर्मात्यांना हे पटणार नाही. प्रत्येक पात्र त्यांना उद्याचं भांडवल वाटतं. पण प्रेक्षक आजच्या कथेचं तिकीट काढून आलेला असतो.

'झपाटलेला'त अशी घट्ट मुळं धरणारी माणसं होतीच. मधू कांबीकरांनी रंगवलेली लक्ष्याची आई आठवा. त्या बाहुल्याने जिचं पोर जवळजवळ हिरावून नेलं होतं, तिच्या नातवाच्या मागे तोच बाहुला पुन्हा लागतो. या बाईच्या मनात काय काहूर उठेल! ही आजी आणि हा नातू कथेच्या केंद्रस्थानी असते, वडिलांचा भित्रेपणा आपल्यातही उतरला आहे हे त्या पोराला संकटातच कळलं असतं, तर आदिनाथच्या वाट्याला भीतीही आली असती आणि हसूही. मग लक्ष्याची वाटणी करावी लागली नसती.

मराठीत आता जुन्या लोकप्रिय चित्रपटांचे पुढचे भाग काढण्याची लाट आहे, आणि त्यांतले कितीतरी नट आज हयात नाहीत. लेखक-दिग्दर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या चेहऱ्यांची यादी करण्याआधी, गेलेल्या माणसाची उणीव पडद्यावर कोणाकोणाला भासणार आहे ते लिहून काढा, आणि उपकथानकं त्यांनाच द्या.